मेटल कार्डावरचा क्यूआर स्कॅन होत नाही? पॉवर वाढवायच्या आधी हे बघा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत माझं दहा वॉटचं डायोड लेझर आहे, खिडकीला एक्झॉस्ट पंखा बसवलेला, आणि टेबलाखाली बुटांचा एक डब्बा आहे ज्यात वाया गेलेली सगळी कार्डं पडून आहेत. व्हिजिटिंग कार्डं, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायच्या यूपीआयच्या पाट्या, कुत्र्याच्या पट्ट्याला लावायचे बिल्ले. आजार सगळ्यांचा एकच, कोड दिसायला एकदम सुबक आणि फोन धरला की ढिम्म. सुरुवातीला मी दर वेळी एकच करायची, पॉवर वाढवायची, मग अजून वाढवायची, मग स्पीड कमी करायची, आणि डब्बा भरत गेला. आता उलट्या बाजूने जाते. मशीनला सगळ्यात शेवटी हात लावते, कारण त्या डब्ब्यातल्या बहुतेक कार्डांत चूक मशीन सुरू व्हायच्या आधीच होऊन बसली होती.

आधी लक्षणं. तुमचं दुखणं यातलं कोणतं ते पाहून घ्या:

– लॅपटॉपच्या स्क्रीनवर तीच फाइल पटकन स्कॅन होते, कार्डावर कुठल्याच फोनने होत नाही.
– माझ्या फोनवर होतो, गिऱ्हाइकाच्या फोनवर नाही. किंवा कॅमेऱ्याने होतो आणि पेमेंटच्या अॅपमध्ये नाही. मला सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.
– कार्ड तिरपं केलं, वर हाताची सावली धरली की होतो, सरळ धरलं की नाही.
– एका लॉटमधली डावीकडची कार्डं चालतात, उजवीकडची नाहीत.
– स्कॅन होतो पण उघडत काहीच नाही, नाहीतर भलतंच उघडतं.
– दिल्यादिवशी चालला, महिन्याभराने बंद.

आता तपास, फुकटातल्यापासून.

काही खर्च नाही असे तपास

पहिलं म्हणजे मूळ फाइल स्क्रीनवर मोठी करून दोन वेगळ्या फोनने स्कॅन करा. हसू नका, मी एकदा तीस कार्डं कोरल्यावर पाहिलं की लिंकमध्ये एक अक्षर कमी आहे. फाइलच चुकीची असेल तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

कोड स्कॅन होतो पण पान उघडत नाही, यात लेझरचा काही दोष नसतो. बऱ्याच फुकट क्यूआर जनरेटरमध्ये, म्हणजे कोड बनवून देणाऱ्या साइटवर, कोडात तुमची लिंक नसतेच, त्यांची एक मधली लिंक असते जी पुढे तुमच्या पानावर नेते, आणि ट्रायल संपली की ती मधली लिंक बंद. कागदावर असतं तर पुन्हा छापलं असतं, धातूवर कोरल्यावर काय करणार. म्हणून स्कॅन केल्यावर पान उघडायच्या आधी फोन जी लिंक दाखवतो ती वाचा, गिऱ्हाइकाचा स्वतःचा पत्ता दिसायला हवा. दुसराच कुठला पत्ता दिसला तर गिऱ्हाइकाला विचारा की हे पैसे भरून चालू ठेवलंय का, आणि ठेवलं नसेल तर कोरू नका.

मग कार्ड पुसा. कोरल्यावर वर बारीक राख बसते, पांढरा भाग करडा दिसतो, काळा भाग धुरकट होतो, फरकच राहत नाही. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदा फिरवा आणि परत स्कॅन करा. फोनची लेन्सही पुसून घ्या. महिन्याभराने बंद पडलेल्या कोडांत अर्ध्याहून जास्त माझ्याकडे नुसत्या पुसण्याने जिवंत झालेत, बोटांचं तेल, धूळ, आणि एका ठिकाणी तर तर्री.

ती तर्रीची गोष्ट सांगते. एका पोहेवाल्याच्या ठेल्यासाठी स्टीलची चकचकीत पाटी करून दिली होती. आठवड्याने फोन, "ताई, काहून नाही घेऊन राह्यला हा? सकाळी होते, दुपारी नाही होत." गेले तर पाटीवर तेलाचे थेंब होतेच, ते पुसले, तरीही होईना. वर पत्रा, पत्र्याच्या फटीतून ऊन सरळ पाटीवर, आणि आरशासारख्या स्टीलमधून ते सरळ फोनच्या कॅमेऱ्यात. सकाळी ऊन पलीकडच्या बाजूला असायचं म्हणून चालायचं. पाटी स्टँडवर थोडी मागे कलती केली, काम झालं. तिथून शिकले की तिरपं केल्यावर स्कॅन होत असेल तर कोरणं बरोबर आहे, चमक आडवी येतेय. पुढच्या ऑर्डरला आरसा फिनिश घ्यायचंच नाही, मॅट किंवा ब्रश फिनिश घ्यायचं, दरात फार फरक पडत नाही.

कोड उलटा आहे का? नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात

हे नीट वाचा, घाई करू नका. नव्वद टक्के हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.

काळ्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमच्या कार्डावर लेझर काळं करत नाही, पांढरं करतं. अॅनोडायझिंगमध्ये अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक थर चढवतात, त्यात बारीक छिद्रं असतात आणि रंग त्या छिद्रांत भरलेला असतो. आपलं निळं लेझर, साधारण ४५० नॅनोमीटरचं, तो काळा रंग शोषून घेतो, तापतो आणि उडून जातो. उरतो फिकट राखाडी पांढरा डाग. आता तुम्ही जनरेटरमधून आलेली फाइल जशीच्या तशी टाकली, तर फाइलमधलं जे काळं ते लेझर कोरतं, म्हणजे कार्डावर ते पांढरं होतं. काळ्यावर पांढरा कोड. कोड बरोबर, रंग अदलाबदल.

मग काही फोनवर चालतो कसा? कारण बरेचसे नवीन कॅमेरे सरळ जमलं नाही तर उलटं करूनही वाचून पाहतात. सगळे नाही पाहत, पेमेंटची सगळी अॅपं नाही पाहत, जुने फोन तर नाहीच. म्हणून "माझ्याकडे होतो, तुमच्याकडे नाही" ही भानगड. तुम्ही घरी महागड्या फोनवर टेस्ट करता, गिऱ्हाइक त्याच्या सहा वर्षं जुन्या फोनवर करतं, आणि दोघंही खरं बोलत असता.

खात्री करायची तर कार्डाचा फोटो काढा, कुठल्याही फोटो एडिटरमध्ये रंग उलटे करा, आणि तो फोटो लॅपटॉपवर दाखवून त्या अडलेल्या फोनने स्कॅन करा. झाला तर रोग सापडला.

उपाय असा की कोडातलं पांढरं ते कोरायचं, काळं ते सोडायचं. इमेज वापरत असाल तर निगेटिव्हचा पर्याय चालू करा. लाइटबर्नसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टर कोड (फोटो नाही, आकारांची फाइल) असेल तर कोडाभोवती त्याच लेयरमध्ये एक चौकोन काढा आणि सगळे आकार एकत्र फिल करा, चौकोन आणि घरं यांच्यातली जागा भरली जाते, घरं काळी राहतात. (कोडातले जे बारीक ठिपके असतात त्यांना मी घरं म्हणते, पुढेही तेच म्हणेन.) प्रीव्ह्यू बघूनच स्टार्ट करा.

आणि यात एक मोठा घोळ आहे ज्याने मला दोनदा फसवलं. स्टेनलेस स्टीलवर डायोड लेझरने होणारी खूण गडद असते, पृष्ठभाग तापून त्यावर ऑक्साइड येतं. म्हणजे स्टीलवर फाइल सरळ चालते आणि काळ्या अॅल्युमिनियमवर उलटी लागते. काल स्टीलच्या पाट्या केल्या, आज तीच फाइल काळ्या कार्डांवर, की झालाच घोटाळा. मी आता फाइलच्या नावातच धातूचं नाव लिहिते.

कडेची मोकळी जागा

उलटा करून झाला तरी होईना, तर बहुतेक वेळा हे असतं. कोडाच्या चारही बाजूंनी चार घरांएवढी कोरी जागा लागते, आणि ती कोडाच्या पांढऱ्या रंगाचीच लागते. काळ्या कार्डावर तुम्ही नुसता कोडापुरता चौकोन पांढरा केला तर काळी घरं थेट काळ्या कार्डाला चिकटतात आणि फोनला कोड कुठे संपतो तेच कळत नाही. वर जो चौकोन काढायला सांगितला तो चार घरं बाहेर काढा. डिझाइनवाले ही जागा कापतात, त्यांना ती रिकामी दिसते. भांडा त्यांच्याशी.

कोडाच्या कोपऱ्यातले ते तीन मोठे चौकोनी डोळे उगाच नाहीत. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सोमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने हा कोड गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला बनवला, आणि डोळ्यातून आडवी रेघ ओढली तर काळं-पांढरं एकास एकास तीनास एकास एक या प्रमाणात यावं असं ठरवलं, कारण छापील मजकुरात हे प्रमाण सहसा सापडत नाही. फोन आधी हे प्रमाण शोधतो, मग बाकीचं वाचतो. कोडात जी चूक दुरुस्त करायची सोय असते ती डोळ्यांना लागू नाही. म्हणून मधे ओरखडा पडला तर चालून जातं, पण डोळ्यावर किल्लीने ओरखडा पडला तर कोड मेला. वापरून बंद पडलेल्या कार्डात आधी डोळे तपासा.

कोडात किती कोंबलंय

हाही फुकटचाच तपास आहे, फक्त डोकं लावावं लागतं. सर्वात लहान कोड २१ गुणिले २१ घरांचा असतो आणि पुढे प्रत्येक पायरीला बाजूची चार घरं वाढतात: २५, २९, ३३, असं १७७ पर्यंत. जितका मजकूर जास्त तितकी घरं जास्त, आणि कार्ड तर तेवढंच, साधारण ८६ बाय ५४ मिमी, त्यात लोकांना लोगोही हवा, नावही मोठं हवं, मग कोडाला मिळतात बावीस-पंचवीस मिलीमीटर.

हिशेब करून बघू. चाळीस अक्षरांची इंग्रजी लिंक, दुरुस्तीची पातळी एम, म्हणजे कोडाचा साधारण १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. २९ घरांचा कोड होतो, दोन्हीकडची चार-चार घरं धरून ३७. एक घर ०.६ मिमीचं धरलं तर सगळं २२.२ मिमीत बसतं. मस्त. आता तीच लिंक "जास्त सुरक्षित" म्हणून एच पातळीवर टाका, ३० टक्क्यांची, कोड ३७ घरांचा होतो, कडेसकट ४५, आणि त्याच बावीस मिलीमीटरात घर अर्ध्या मिलीमीटरच्याही खाली येतं. आणि कोणी नाव, तीन फोन नंबर, ईमेल, पत्ता असं सगळं कॉन्टॅक्ट कार्ड कोंबलं, दोनेकशे बाइट, तर एम पातळीलाच ५७ घरं, कडेसकट ६५, घर ०.३४ मिमी. लेझरचा ठिपकाच ०.०८ च्या आसपास असतो आणि खूण त्याहून थोडी पसरतेच. ०.३४ च्या घराला दोन्हीकडून ०.०५ खाल्लं की उरलं काय. घरं एकमेकांत मिसळतात.

म्हणून लहान कार्डावर मी एच पातळी वापरत नाही, घर मोठं ठेवते. एच ही कागद फाटतो, स्टिकर निघतो, मधे लोगो ठेवायचाय अशा ठिकाणी कामाची. धातूवर आपली अडचण फाटण्याची नसते, बारीक घर नीट न उमटण्याची असते.

देवनागरीवाल्यांनी इथे थांबा. कोडात मराठी मजकूर टाकला तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, तीन बाइट खातं. "नागपूर" मध्ये सहा चिन्हं म्हणजे अठरा बाइट, इंग्रजी अक्षरांत तेच सहा. आणि लिंकमध्ये मराठी शब्द असला की तो टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या लांबलचक रूपात बदलतो, तिथे एका चिन्हाला नऊ बाइट. एका ताईंनी दुकानाचं पूर्ण मराठी नाव लिंकमध्ये ठेवलं होतं, कोड बघून वाटलं मुंग्यांचं वारूळ आहे. मराठी नाव कार्डावर मोठ्या अक्षरात कोरा, छान दिसतं, लिंक मात्र छोटी इंग्रजी ठेवा. अजून एक युक्ती, लिंक पूर्ण कॅपिटल अक्षरांत असेल आणि त्यात प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह वगैरे नसेल तर कोड आटोपशीर होतो, अशी ३८ अक्षरांपर्यंतची लिंक एम पातळीला २५ घरांतच बसते. पण डोमेनच्या पुढचा भाग काही साइटवर कॅपिटलमध्ये चालत नाही, आधी उघडून बघा.

यूपीआयच्या पाटीचं वेगळं. लोक स्टिकरचा फोटो पाठवतात आणि म्हणतात हेच कोरून द्या. फोटो ट्रेस करायचा नाही, कधीच. स्टिकर स्कॅन करून त्यातला मजकूर जसाच्या तसा कॉपी करा आणि त्यावरून स्वच्छ नवा कोड बनवा, मधला लोगो काढून, एम पातळीवर. दुकानदारांच्या कोडात बाकीची माहितीही असते, ती लांब वाटली म्हणून आपल्या मनाने छाटू नका, एक अक्षरही बदलू नका. झाल्यावर एक रुपया पाठवून बघा आणि नाव गिऱ्हाइकाचंच येतंय ना ते त्याच्यासमोर बघा. पैशाचा मामला आहे.

फाइल कशी आलीय

व्हॉट्सअॅपवरून आलेली जेपीजी असेल तर घरांच्या कडेला करडी धूळ असते, झूम करा, दिसेल. लेझर ती धूळ इमानदारीने कोरतं. एसव्हीजी घ्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या आतच कोड बनवा. इमेजच वापरायची वेळ आली तर डिदर (करडं ते ठिपक्यांनी दाखवणं) नको, थ्रेशोल्ड निवडा, काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही.

लेझर प्रत्येक घर रेघारेघांनी भरतं, त्या रेघांमधलं अंतर घराला पूर्ण भागणारं ठेवा. घर ०.६ आणि रेघ ०.१ मिमी, म्हणजे बरोबर सहा रेघा. ०.५५ चं घर आणि ०.१ ची रेघ केली तर काही घरांना पाच, काहींना सहा रेघा मिळतात, डोळ्याला कळत नाही पण फोनला कळतं.

इथून पुढे मशीन, आणि मशीनच्या आधी चष्मा

हे डायोड लेझर क्लास चारमध्ये येतं आणि आपण चमकणाऱ्या धातूवर ते मारतोय, परावर्तन कुठेही जाऊ शकतं. ४५० नॅनोमीटरसाठीचा, ओडी आकडा (प्रकाश किती अडवतो त्याचा) छापलेला चष्मा घाला, खोलीत येणाऱ्यालाही द्या, पोरांना आत येऊ देऊ नका. इन्फ्रारेड १०६४ चं मॉड्यूल लावलं असेल तर निळ्याचा केशरी चष्मा त्याला चालत नाही, त्याचा वेगळा लागतो.

डावीकडचं चालतं, उजवीकडचं नाही, असं असेल तर आधी सपाटी बघा. पातळ कार्डं कापताना कडेला वाकतात, बेड मधे खचलेला असतो, फोकस हलतो आणि ठिपका पसरतो. फोकसची पट्टी चारही कोपऱ्यांत लावून बघा. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कार्डांना जे स्टेनलेस येतं त्यालाही बहुतेक वेळा चिकटत नाही हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बाजारातून आणलेली चुंबकं हातात धरून बसले होते. प्लायवूडमध्ये कार्डाच्या मापाचे खाचे कापून साचा करा, खाली डबल टेप. खर्च पन्नास-साठ रुपये.

आणि नागपूरचा खास प्रॉब्लेम, कूलर. मे महिन्यात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि कूलरचा झोत बेडवर आला की ०.२ मिमीचं कार्ड थरथरतं, धूर परत लेन्सवर येतो, वर दमट हवा. मी आठ दिवस बेल्ट ताणत बसले होते, शेवटी कूलरचं तोंड फिरवलं आणि कोड सरळ आला. शिवाय पंचेचाळीस डिग्रीत डायोडचं स्वतःचं आउटपुट उतरतं, सकाळी सेट केलेली पॉवर दुपारी पुरत नाही. उन्हाळ्यात मी लॉट सकाळी नऊच्या आत संपवते.

मग पॉवर-स्पीड. एका वाया कार्डावर छोट्या चौकोनांची ग्रिड कोरा, आडवी पॉवर, उभी स्पीड, आणि कोणता चौकोन सगळ्यात पांढरा ते बघा. माझ्या मशीनवर काळ्या कार्डाला मिनिटाला ३००० मिमी आणि साठ टक्के बसतं, तुमचं वेगळं येईल, हा आकडा उचलू नका. मुद्दा असा की पॉवर वाढवली की पांढरं वाढत जातं आणि एका टप्प्यानंतर परत मळकट व्हायला लागतं, थर भाजतो, फरक कमी होतो आणि खूण पसरते ती वेगळीच. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, पॉवर वाढवणं हे बऱ्याचदा औषध नसून आजारच असतो. खूण पसरतेय असं दिसलं तर कोरायचा आकार आतल्या बाजूला ०.०४-०.०५ मिमी बारीक करा.

घरांच्या उभ्या कडा करवतीसारख्या दिसत असतील, एक रेघ डावीकडे एक उजवीकडे, तर दोन्ही दिशांनी कोरणं बंद करून एकाच दिशेने कोरून बघा. वेळ दुप्पट लागेल. कडा सरळ झाल्या तर सॉफ्टवेअरमधलं स्कॅनिंग ऑफसेट, म्हणजे जाता-येताच्या रेघांमधला फरक भरून काढणारं सेटिंग, जुळवा, नाहीतर बेल्ट सैल आहे, बोटाने दाबून बघा, हेड धरून हलकेच हलवा, चाकं डुगडुगत असतील तर खालचे नट किंचित फिरवून घट्ट करा. ओव्हरस्कॅन (हेड कोडाच्या बाहेर जाऊन वळतं ते सेटिंग) चालू ठेवा, नाहीतर हेड वळताना कडेला जास्त भाजतं.

लेन्सची बाहेरची काच. थंड झाल्यावर, प्लग काढून, कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन, दाबायचं नाही.

माल खराब असेल तर

हे मी उशिरा शिकले. काही "अॅनोडाइज्ड" कार्डं खरं तर रंग मारलेली निघतात, लेझर लागला की रंग वितळून कडेला गोळा होतो, वास येतो. नखाने कोपरा खरवडून बघा, रंग निघाला तर तो रंगच होता. प्लास्टिकचं आवरण असलेलं काही असेल आणि ते पीव्हीसी असल्याची शंका जरी आली तर लेझरखाली घालू नका, क्लोरीनवाला धूर येतो, माणसाला आणि मशीनला दोघांनाही वाईट. कोऱ्या अॅल्युमिनियमवर, पितळेवर निळं डायोड धड खूण करत नाही, प्रकाश बराचसा परत फेकला जातो, तिथे तासभर घालवू नका. स्टीलवर खूण फिकी येत असेल तर मार्किंगचा स्प्रे मारून कोरून धुवा, गडद येतं, पण स्प्रे महाग आहे आणि चार पाट्यांसाठी परवडत नाही.

इथे थांबा

वरचं सगळं करून त्याच कार्डावर तीनदा जमलं नाही तर चौथं कार्ड घालू नका.

मॉड्यूल स्वतः उघडू नका. आतली लेन्स, डायोड, त्याचा ड्रायव्हर, हे घरी दुरुस्त होणारं काम नाही. ग्रिडमधले सगळेच चौकोन मागच्या महिन्यापेक्षा फिके येतायत, काच पुसली, फोकस बरोबर, सकाळची थंड वेळ, तरी फिके, तर डायोड थकलाय. मॉड्यूल बदलावं लागेल, विक्रेत्याशी बोला. लेझर मधेच मिणमिणत असेल, अॅडॅप्टर तापून वास मारत असेल, मशीनच्या फ्रेमला हात लावला की झिणझिणत असेल तर तिथल्या तिथे प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. आमच्या जुन्या घरात अर्थिंगची तार नुसती भिंतीत खोचलेली निघाली होती, कशालाच जोडलेली नव्हती.

डोळ्यासमोर डाग दिसला, अंधारी आली, चष्मा न घालता चमक डोळ्यात गेली असं वाटलं तर काम सोडून त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा आणि लेझर किती वॉटचं, किती नॅनोमीटरचं ते सांगा. उद्या बघू नको.

आणि काही कामं आपल्या मशीनची नसतातच. शंभर आरसा फिनिश स्टीलची कार्डं, पितळेच्या पाट्या, ०.३ च्या घराचा कोड ज्यात गिऱ्हाइक एक अक्षर कमी करायला तयार नाही. ही मी घेत नाही, एमआयडीसीतल्या फायबर लेझरवाल्याकडे जॉबवर्कला देते. जाताना पेन ड्राइव्हमध्ये व्हेक्टर फाइल, एका कागदावर घराचं माप, कडेची जागा, आणि धातू गडद होणार की फिकट ते लिहून नेते. त्याला म्हणते आधी एकच मार, आणि ते एक कार्ड मी माझ्या सासऱ्यांच्या जुन्या, स्क्रीनला तडा गेलेल्या फोनवर स्कॅन करते, त्यावर झालं की मगच उरलेली नव्व्याण्णव.